माळा राहता करायचाय: डोक्यावर कौलं ठेवावीत की पत्रा?

गावच्या घराचा माळा राहता करायचा असं एकदा ठरलं की पहिले चार दिवस घरातले सगळे जिन्यावर आणि खिडक्यांवर बोलतात. जिना माजघरातून काढायचा की पडवीतून, खिडक्या किती, खाली लादी की लाकूड. पाचव्या दिवशी सुतार येतो, मान वर करून आढ्याकडे बघतो, कानामागची पेन्सिल काढतो आणि विचारतो, "कौलंच ठेवणार, की पत्रा मारून टाकायचा?" माळा राहण्याजोगा होणार की नुसताच चढण्याजोगा, ते या उत्तरावर ठरतं. बाकीचं सगळं मागाहून बदलता येतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत, झाडीत. आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, त्याही मातीत रचलेल्या, ऐन-किंजळीच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत उठली. पूर्वेचा अर्धा भाग काकांकडे गेला, पश्चिमेचा आमच्याकडे. माळा दोघांचाही रिकामा, म्हणजे माणसांपुरता रिकामा. एरवी त्यावर भाताची कणगी, कळकलेले हंडे, तीन पिढ्यांचे पाट, बिजागरी तुटलेला पेटारा आणि कुणीच न सोललेले नारळ असा भरला संसार होता. गणपतीत दोन्ही घरांत मिळून तीसेक माणसं येतात आणि झोपायला ओटी नि पडवी. चुलतभावाने, म्हणजे दादाने, २०१८ साली आपल्या बाजूची कौलं उतरवून पत्रा चढवला. मी २०२२ साली कौलं ठेवून माळा केला. त्यामुळे एकाच घराच्या दोन अंगांना दोन्ही प्रकार नांदतायत. ऊन तेच, पाऊस तोच, माकडंही तीच.

स्लॅबचा विषय इथे काढत नाही. मातीत रचलेल्या भिंतींवर स्लॅब पेलत नाही. कॉलम खालून उभे करावे लागतात, म्हणजे घर नव्यानेच बांधायचं. शिवाय आमच्याकडचे स्लॅबवाले चार-पाच पावसाळे गळती सोसून शेवटी स्लॅबवर पत्र्याची शेड घालतातच. शेवटी पत्राच घालायचा तर मधला खर्च कशाला, असं वाडीतले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

आधी पत्र्याची बाजू. ती दिसायला भारी आहे आणि काही बाबतींत खरोखरच भारी आहे. आमच्या माळ्यावर आढ्याखाली नऊ फूट उंची, पण वळचणीकडे येता येता ती तीन फुटांवर उतरते. कागदावर माळा खालच्या घराएवढा मोठा, ताठ उभं राहून वावरण्याजोगी जागा निम्मी. दादाने वरचं लाकूड सगळं उतरवलं, भिंतींवर चिऱ्याचे थर वाढवले आणि छपर पेलायला लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, बसवल्या. त्याच्याकडे भिंतीलगतसुद्धा कपाट उभं राहतं. माझ्याकडे वळचणीच्या बाजूला गाद्या-चटयांचे खण केलेत, आणि तरी दर गणपतीत कुणीतरी पहिल्या रात्री वाशावर कपाळ आपटून घेतो. गेल्या वर्षी जावई.

कौलं ठेवून भिंती वाढवता येत नाहीत असं नाही, पण तिथे वजनाचा प्रश्न येतो. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास. चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे नुसत्या कौलांचेच चाळीस किलो झाले. पावसाळ्यात भिजून ती आणखी जड होतात, आणि त्यांना पेलणारे वासे-रिपा वेगळे. पत्रा तेवढ्याच जागेला चार-पाच किलो. जुन्या मातीच्या जोडाच्या भिंतीवर नवे थर चढवून वर पुन्हा एवढं ओझं टाकायला आमचा सुतार तयार नव्हता, आणि मीही त्याला फार आग्रह केला नाही.

वेळेतही पत्रा पुढे. दादाचं काम अकरा दिवसांत उरकलं. फॅब्रिकेटरची माणसं आली, वेल्डिंग झालं, टेम्पोतून पत्रे उतरले, स्क्रू मारले, गेली. माझं काम शिमगा झाल्यावर सुरू झालं ते मे संपता संपता उरकलं, शेवटचे दोन दिवस तर पश्चिमेला ढग जमताना बघत. पैसे माझे दीडपट गेले असावेत. असावेत म्हणतो, कारण सुताराच्या चहाचा आणि आमच्या मुंबई-गाव फेऱ्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आणि शाकारणी. कौलं म्हटलं की दर वर्षी मे महिन्यात ती परतणं आलं. पाचोळा झाडायचा, शेवाळ खरवडायचं, फुटकी बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची. आमच्या वाडीत हे काम करणारी माणसं पूर्वी दहा-बारा होती, आता दोन, आणि त्यातल्या एकाचे गुडघे गेलेत. त्यावर माकडं. कौलारू घराला पावसापेक्षा माकडांचा ताप जास्त. फणस धरले की सकाळी सातला टोळी येते, आंब्यावरून छपरावर उडी घेते, आणि आपण खाली चहा पीत मोजतो, एक गेलं, दोन गेली. वानर उडी मारून कौल फोडतो हे तरी समजू शकतं. लाल तोंडाची माकडं कौल उचलून आत बघतात, घरात कोण कोण आलंय ते. जो मुंबईला राहतो आणि मे महिन्यात आठ दिवस येतो, त्याने दर वर्षी माणसं शोधत फिरायचं कसं? वाडीतली छपरं एकेक करून लाल-निळी झाली ती उगाच नाही.

उन्हाचं मात्र वेगळं. वहिनीने मागच्या मे महिन्यात त्यांच्या माळ्यावर आंबापोळी घातली. ताटं उन्हात नेलीच नाहीत, तिथेच वर ठेवली आणि चौथ्या दिवशी पोळी ताटापासून सुटली. ती हे कौतुकाने सांगते, आणि आंबापोळी झालीही छान होती. पण जिथे आंबापोळी वाळते तिथे माणूस दुपारचा आडवा होऊ शकत नाही. माझ्याकडे मे महिन्यात गारवा असतो असं मी म्हणणार नाही, दोन ते चार मीही खालीच असतो. कौलं हळू तापतात आणि त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, एवढाच फायदा. पाच वाजता पुस्तक घेऊन वर जाता येतं. रात्री उलट होतं हेही सांगायला हवं. पत्रा झटकन निवतो, कौलं दिवसभराची धग धरून बसतात, त्यामुळे नऊ वाजता दादाचा माळा माझ्यापेक्षा गार असतो. पण हाच निवलेला पत्रा थंडीत पहाटे घामेजतो. आतल्या बाजूने दव धरतं आणि ओळीने थेंब सुटतात, नेमके पांघरुणावर.

आतापर्यंतचं सगळं दोन पारड्यांत टाकलं असतं तर मी पत्राच घेतला असता. खरंच. दादाच्या फॅब्रिकेटरने आमच्या बाजूची मापंही घेऊन ठेवली होती, मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. मग २०२१ च्या गणपतीत आम्ही दादाच्या माळ्यावर झोपलो.

पत्र्यावर पाऊस वाजतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि माझी तक्रार त्या आवाजाबद्दल नाहीच. मुसळधार लागला की बोलणं संपतं, शेजारी झोपलेल्याला काही सांगायचं तर हात लावून हलवावं लागतं. एका संध्याकाळी खाली आरती सुरू झालेली आम्हाला वर कळलीच नाही, थेट प्रसादाला पोचलो. पण तो आवाज एकसारखा असतो. त्यात झोप लागते, उलट गाढ लागते. त्रास सुरू होतो तो पाऊस थांबल्यावर.

दादाच्या छपरावर आंब्याची एक मोठी फांदी आलीय. पाऊस थांबला तरी झाड तासभर निथळत राहतं. पानापानांवरून जमत जमत एक टपोरा थेंब सुटतो आणि पत्र्यावर पडतो, टप्प. मग काही नाही. आपण वाट बघतो. आता पडेल, मग पडेल. पडत नाही. डोळा लागतो न लागतो तोच दोन एकदम. कौलावरही हाच थेंब पडतो, पण कौल तो पिऊन टाकतं. पत्रा तो सगळ्या घराला वाजवून दाखवतो.

मग पोफळी. घराच्या मागे सात-आठ आहेत, आणि पावसाळ्यात कोळे रोग लागला की हिरवी सुपारी गळते. रात्री दीड वाजता एक सुपारी वरून सुटते, टण्ण. तिथे ती थांबली तर बरं, पण ती पत्र्याच्या खाचेतून घरंगळत, आवाज वाढवत खाली येते आणि पन्हळीत जाऊन पडते, परत टण्ण. पहिल्या रात्री बायको उठून बसली. तिला वाटलं कुणी दगड मारतंय. मी तिला समजावलं, आणि त्यानंतर आम्ही दोघेही पुढच्या सुपारीची वाट बघत जागे. सकाळी ऊन पडलं की पत्रा ताणतो, टक्, टक्, टक्. संध्याकाळी निवताना तेच. आणि माकडांनी कौलं फुटतात म्हणून पत्रा घालायचा म्हणता ना, सकाळी सातला ती टोळी पत्र्यावर उतरते तेव्हा एकदा खाली झोपून बघा.

दादा म्हणाला, "सवय होते रे." त्याला झाली असेल, तो बारा महिने तिथे असतो. आम्ही वर्षाचे वीस-पंचवीस दिवस जातो, सवय होऊ लागते तोवर परतीची गाडी. तिसऱ्या रात्री मी उशी काखेत मारून हळूच खाली ओटीवर आलो, तर तिथे मेहुणा आणि त्याची दोन पोरं माझ्या आधीच येऊन झोपलेली. थोड्या वेळाने बायकोही आली. एवढा खर्च करून राहता केलेला माळा तिसऱ्या रात्री परत रिकामा.

मुंबईला आल्यावर मी फॅब्रिकेटरला फोन करून नको म्हणून सांगितलं. यात मोजमाप काही नाही. झोप कुणाची किती सावध यावर बरंच अवलंबून आहे, आणि आमच्या घराण्यात ती सगळ्यांचीच सावध आहे.

आता माझ्या बाजूच्या भानगडी, कारण कौलांनी मला सुखाने बसू दिलेलं नाही.

पहिली भानगड वर नाही, पायाखाली. जुन्या माळ्यावर तक्तपोशीच्या फळ्यांवर मातीचा थर असतो, वरून शेणाने सारवलेला. तो आगीपासून आणि उन्हापासून घराला सांभाळायचा, पण त्यावर माणसं चालू लागली की खाली जेवणाऱ्याच्या ताटात माती पडते. आम्ही ती सगळी काढली. किती पाट्या निघाल्या ते मोजणं तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. खाली तुळया उघड्या झाल्या तेव्हा एका तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे वाळवीने पोखरलेलं निघालं. बाहेरून ठणठणीत, ठोकल्यावर बद्द आवाज. हे तुम्ही काहीही निवडलंत तरी करावंच लागणार, म्हणून यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो, प्रत्येक तुळई भिंतीत शिरते तिथे स्वतः ठोकून बघा, सुताराच्या शब्दावर जाऊ नका. आणि न्हाणीघर वर नेऊ नका.

दुसरी भानगड तुषारांची. मंगलोरी कौलं खाचेत खाच अडकून बसतात, पण हवाबंद नसतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बराचसा वाऱ्यासकट. झड पश्चिमेची असली की फटींतून पिठासारखे बारीक तुषार आत येतात. अडगळीच्या माळ्यावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. गादीवर उताणं झोपलेल्याच्या लगेच येतं. त्यात कोळ्यांची जाळी, आणि वाशांना गोल गोल भोकं पाडणाऱ्या भुंग्यांचा पिवळा भुसा रोज सकाळी उशीवर.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. वाशांच्या खालून निळी ताडपत्री ताणून मारली. दोन महिने उत्तम गेले. मग ताडपत्रीच्या वरच्या पोकळीत उंदरांनी घर केलं, आणि उंदरांच्या मागे धामण आली. धामण बिनविषारी, शेतकऱ्याच्या उपयोगाची, हे मला पाठ आहे. पण आपण उताणे झोपलेलो असताना डोक्यापासून दोन हातांवर निळ्या ताडपत्रीला एक लांबलचक फुगवटा येतो, आणि तो फुगवटा सावकाश एका वाशाकडून दुसऱ्या वाशाकडे सरकत जातो, हे बघितल्यावर पाठांतर उपयोगी पडत नाही. त्या सुट्टीत मुलांनी माळ्यावर पाऊल ठेवलं नाही. म्हणजे माझाही माळा रिकामा झालाच की, असं दादा म्हणाला, आणि त्याला तो हक्क होता.

शेवटी सुताराने जे आधीच सांगितलं होतं तेच केलं. दोन वाशांमधल्या प्रत्येक गाळ्यात फळ्यांचे सुटे पाट बसवले, दोन्ही बाजूंना पट्टीवर नुसते टेकवलेले, एकही खिळा न मारता. वळचणीच्या फटींना बारीक तारेची जाळी. हवा खेळते, उंदीर येत नाही. पाट आणि कौलं यांच्यात वीतभर पोकळी राहते, तुषार तिथेच जिरतात. आणि मुख्य म्हणजे कुठे गळायला लागलं तर तेवढा पाट उचलायचा, आतूनच हाताने कौल वर सरकवायचं आणि फुटकं काढून दुसरं घालायचं. भर पावसात, लुंगीवर, शिडी न लावता. मागच्या जुलैत मी स्वतः दोन बदलली. वर कुणी चढलं नाही, त्यामुळे चढणाऱ्याच्या पायाखाली आणखी चार फुटली नाहीत.

म्हणूनच कौलांखाली पक्कं बंद सीलिंग करायचा मोह आवरा. पीओपी तर नकोच. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून वाहत जातं आणि डाग पडतो दहा फूट पलीकडे. मग शोधत बसा. गोव्यात आणि मंगळूरकडे जुन्या घरांत सीलिंगची म्हणून वेगळी पातळ कौलं असतात, रिपांवर आधी ती आणि त्यांच्यावर मंगलोरी. ती मिळाली तर यापेक्षा चांगलं काही नाही. मला हवी तेवढी मिळाली नाहीत.

कौलं मिळत नाहीत ही ओरड मात्र अर्धीच खरी. मंगळूरला जेप्पूमध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि मग ही चपटी कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर येत राहिली. आमच्याकडच्या नळ्यांची, म्हणजे जुन्या अर्धगोल कौलांची, सद्दी त्यांनी संपवली. आता बरेच कारखाने बंद पडलेत हे खरं. पण पत्रा चढवणारा प्रत्येक जण जुनी कौलं उतरवतो आणि ती परसात रचून ठेवतो, किंवा नेणाऱ्याला देऊन टाकतो. माझ्याकडची सगळी शिल्लक दादाच्या छपरावरची आहे. माकडांपायी वर्षाला पन्नास-साठ जातात, त्या हिशेबाने मला बरीच वर्षं पुरेल. फक्त छाप बघून घ्या. वेगळ्या कारखान्याचं कौल शेजारच्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि ते कुठे बसवलंय ते पहिला पाऊस बरोबर दाखवतो.

पत्र्याला देखभाल नसते हेही असंच अर्धं खरं. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने पाच-सहा वर्षांत कडक होतो. दादाकडे गेल्या पावसात तीन ठिकाणी ठिबकलं, तिन्ही ठिकाणी स्क्रूच्या भोकातून. समुद्राच्या अगदी कडेला असाल तर खाऱ्या वाऱ्याने पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून गंज आत शिरतो. वादळाचं म्हणाल तर २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा तिकडे कौलंही फुटली आणि पत्रेही उडाले. यात मी कुणालाच गुण देत नाही.

पत्रेवाले यावर म्हणतील की साधा पत्रा कशाला घेता, पफ पॅनेल घ्या. रास्त आहे. दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं ते पॅनेल ऊन अडवतं, पहाटेचा घामही अडवतं, आणि टण्णचं थप्प होतं. गुहागरला एका लॉजवर मी त्याखाली एक रात्र काढली, पाऊस बेताचा होता, झोप बरी लागली. एका रात्रीवरून मत देऊ नये. पण त्याचा दर साध्या पत्र्यापेक्षा इतका चढतो की कमी पैशांत काम होतं ही पत्र्याची मुख्य बाजूच हलकी होते. उरतो तो झटपटपणा आणि उंची. ज्याला ते दोन्ही हवेत त्याने जरूर चौकशी करावी.

एक भलतीच गोष्ट सांगायची राहिली, मोबाइलची रेंज. आमच्या वाडीत ती आधीच तोळामासा. पुतण्या लॅपटॉप घेऊन गणपतीला येतो, आणि दादाच्या घरचा असूनही ऑफिसचे फोन घ्यायला भिंतीपलीकडून माझ्या माळ्यावर येऊन बसतो. पत्र्याखाली त्याला एक काडी मिळते, कौलांखाली तीन. तो बसतो ती जागा म्हणजे पश्चिमेच्या पाखातलं काचेचं कौल. अशी चार घातलीत मी. दुपारनंतर उन्हाचा एक चौकोन तिथून उतरतो आणि संध्याकाळपर्यंत सरकत सरकत पूर्वेच्या भिंतीवर चढतो. पत्र्यातही पारदर्शक फायबरची पट्टी टाकता येते, दादाने टाकलीय, पण ती आता पिवळट पडलीय.

तुमचं घर माझ्यासारखंच असेल असं नाही. छपराचा उतार कमी असेल तर कौलांचा नाद सोडा, आडव्या पावसात ती गळणारच. वासे भुंग्यांनी-वाळवीने गेलेले असतील आणि वरचं सगळं लाकूड नवं घालायचं असेल तर कौलांचा खर्च परवडणार नाही, लोखंडी कैच्याच बऱ्या. गावात शाकारणीला एकही माणूस उरला नसेल आणि तुम्हाला स्वतः पाट उचलून हात वर घालायची हौस नसेल, तरीही पत्रा. आणि घरावर एकही झाड नसेल तर माझा निम्मा मुद्दा गळतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण उतार बरा असेल, लाकूड ठोकून ठणठणीत वाजत असेल, छपरावर आंबा-फणस-पोफळी झुकत असतील आणि माळा मुख्यतः झोपायला हवा असेल, तर कौलं उतरवण्याआधी अजून एकदा विचार करा. उतरवलेली परत चढवणारा मी तरी पाहिलेला नाही. शेजारी कुणाकडे पत्रा असेल तर भाद्रपदात एक रात्र तिथे पाहुणे म्हणून जा. पाऊस पडून गेलेली रात्र निवडा, पडत असलेली नको.

मी पत्र्याच्या विरोधात आहे असं मात्र नाही. मागच्या पडवीवर मी स्वतः पत्राच मारलाय. तिथे सरपण, नारळ आणि दादाची मोटारसायकल असते.

दादाने यंदा मे महिन्यात उन्हासाठी म्हणून आपल्या पत्र्यावर माडाची झापं अंथरली. पाऊस सुरू झाल्यावर ती कुजायला लागली, पन्हळीत त्यांचा गाळ येऊ लागला, वहिनी रोज कटकट करते. मी म्हटलं, "दादा, आता ऊन कुठेय, काढून टाक ती." तर म्हणाला, "राहू दे. सुपारी वाजत नाही."